एलीयाचा रथ आणि पपांच्या गोळ्या

"मावशी, मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून लिहितेय. आम्ही कॅथलिक. नवरा बोटीवर असतो, ऑक्टोबरात सुट्टीवर येईल. घरी मी, सहा वर्षांची मुलगी आणि सासरे. पपा ७१ वर्षांचे, जन्मभर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य. दोन वर्षांपूर्वी मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. शेवटचे २२ दिवस गोव्याच्या हॉस्पिटलात मशिनवर होत्या आणि पपा बाहेरच्या बाकड्यावर. तेव्हापासून ते दिवसभर मोबाईलवर एका हिंदी प्रचारकाची प्रवचनं ऐकतात. प्रभू आता कधीही येईल आणि खऱ्या विश्वासणाऱ्यांना जिवंतच उचलून नेईल, असं तो सांगतो. 'मी मरूचंय नाय, माका उचलून न्हेतले,' असं पपा येईल त्याला ऐकवतात. मार्चपासून प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळ्या बंद केल्या आहेत. होडी मांगरात पडून आहे. घराची कौलं परतायची आहेत, तर 'पावसापर्यंत कोण ऱ्हवता हंय' म्हणतात. घर-बाग त्यांच्या नावावर, कागदांचा विषय काढला की चिडतात. गेल्या २ तारखेच्या नोव्हेंबरात, आमच्या मृतांच्या स्मरणदिनी, मामींच्या कबरीवरही आले नाहीत.

"गेल्या आठवड्यात मुलगी शाळेतून आली तेव्हा मी गिरणीत होते आणि पपा किनाऱ्यावर. घर रिकामं बघून ती एवढी रडली की शेजारी धावून आले. तिला वाटलं, आम्ही सगळे वर गेलो आणि ती एकटी मागे राहिली. मावशी, बायबलात खरंच असं आहे का? चहात गोळी विरघळवून दिली तर चालेल का? कौलांचं काम त्यांना न विचारता काढलं तर? – एक सून"

बाय,

आधी मुलीचं. गोळ्यांचं या आठवड्यात करायचंय, कौलांचं या महिन्यात, पण मुलीचं आजच. रात्री निजताना तिला सांग की घर रिकामं दिसलं तर सरळ शेजारी जायचं आणि तिथून आईला फोन लावायला सांगायचं. आई गिरणीत असते, बाजारात असते, विहिरीवर असते. आजोबा किनाऱ्यावर असतात. एवढंच. 'आम्ही तुला सोडून कधीच कुठे जाणार नाही' असलं वचन देऊ नकोस. तिने आजीला जाताना पाहिलंय, ते तिला पटणार नाही. मुलांना असल्या हमीपेक्षा किल्ली कुठे ठेवलीय हे ठाऊक असलं की जास्त धीर येतो.

आणि ती कशामुळे रडली, हे पपांना सांगितलंस का? तुझ्या पत्रावरून वाटतं, नाही. सांग. भांडणाच्या सुरात नको. जेवणं झाल्यावर, ते पडवीत टेकले की म्हण, "पपा, तुम्ही वर जाणार म्हणता, तर ती विचारते मग मला कोण बघणार." पुढे एक शब्द बोलू नकोस. खलाशी मागे सोडून होडी बंदराला लावायची नसते, हे तांडेलाला तू-मी शिकवायला नको.

चहात गोळी? नको गं. तुझी अगतिकता कळते मला, पण काही गोळ्या सावकाश विरघळण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एका दमात अंगात जातं. शुगरची गोळी पोटात गेली आणि पपा नेमके उपास धरून बसले, तर साखर झपकन उतरते, दरदरून घाम फुटतो, माणूस बेशुद्धही पडतो. शिवाय एकदा चहाची चव वेगळी लागली की ते तुझ्या हातचं पाणीसुद्धा संशयाने घेतील. मार्चपासून बंद आहेत म्हणजे जुनी चिठ्ठी काढून तेवढ्याच मात्रेने पुन्हा सुरू करणंही बरोबर नाही. प्रेशर आणि शुगर मोजून घ्यायला हवी, मग डॉक्टर सांगतील तसं. ते दवाखान्यात यायला तयार नसतील तर उपकेंद्रातल्या सिस्टरना घरी बोलाव. गोळी नाकारणारा माणूस दंडाला पट्टा बांधून घ्यायला सहसा नाही म्हणत नाही. आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर प्रार्थना वाटेत करायची. आधी १०८ ला फोन.

आता तुझा मधला प्रश्न. बायबलात असं आहे का? आहे. पपा मनचं काही सांगत नाहीत, आणि तू त्यांना 'असं काही नसतं' म्हणून उडवून लावलंस तर पहिल्याच डावात हरशील. पण जे आहे ते किती आहे आणि कसं आहे, हे नीट बघ.

उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात आदामापासूनची वंशावळ आहे. अमका इतकी वर्षं जगला, त्याला मुलंबाळं झाली, मग तो मेला. पुढचा इतकी वर्षं जगला, मग तो मेला. मृत्यूच्या नोंदवहीसारखं चाललेलं असतं. आणि मध्येच हनोख येतो. ३६५ वर्षांचा, म्हणजे त्या यादीत तरणाच. त्याचा मुलगा मथुशलह ९६९ वर्षं जगला. हनोखापुढे 'मेला' हा शब्द नाही. तो देवाबरोबर चालत असे, मग तो दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेलं. संपलं. ना रथ, ना ढग, ना तारीख. तो चालला कसा ते सांगितलंय, गेला कसा ते नाही.

दुसरा एलीया. याची गोष्ट पपांना पाठ असणार. अग्नीचा रथ, अग्नीचे घोडे आणि वावटळीतून स्वर्गात. प्रचारक तेवढंच सांगतात, कारण तेवढंच चित्रात छान दिसतं. पण त्याआधीचं एक पान उलटून बघ. कर्मेल डोंगरावर बाल नावाच्या परक्या देवाच्या पुजाऱ्यांना हरवल्यानंतर राणी ईजबेल एलीयाच्या जिवावर उठते आणि हा इतका मोठा संदेष्टा पळत सुटतो. वाळवंटात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं आता, माझा जीव घे. ज्या माणसाला मरण आलंच नाही, त्याने मरण मागितलं होतं. ही गोष्ट मला लहानपणी कुणी सांगितली नव्हती. चाळिशीत स्वतः वाचली तेव्हा पुस्तक मिटून ओट्यापाशी उभी राहिले होते बराच वेळ.

मग देव काय करतो? उपदेश करत नाही. थकलेला एलीया झोपतो, दूत त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो: ऊठ, खा, वाट लांबची आहे. दोनदा जेवण, दोनदा झोप, मग प्रवास. रथात बसायच्या किती आधीची ही गोष्ट. देवाने नेमलेल्या माणसालाही देवाने आधी खाऊ घातलं. पपांना गोळीबद्दल सांगायचं असेल तर हा अध्याय वाचून दाखव, पहिलं राजे, एकोणिसावा. समजावून सांगू नकोस. वाचून दाखव आणि पुढ्यात पेज ठेव.

एवढे दोघेच. येशूचं स्वर्गारोहण यांच्यात धरता येत नाही. तो क्रुसावर मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि चाळीस दिवसांनी वर घेतला गेला. मरण चुकवून गेला असता तर आपल्या धर्मात उरलं काय असतं? आणि हनोख-एलीयाचंही सगळ्यांनी सरळ मानलेलं नाही. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की या दोघांचं मरण टळलेलं नाही, लांबणीवर पडलंय. शेवटच्या काळात ते परत येतील आणि ख्रिस्तविरोधकाशी लढताना रक्त सांडतील.

मरियामातेचं काय, असं पपा विचारतील. आमच्या वसईत १५ ऑगस्टला सकाळी मिस्सा आणि मग झेंडा. लहानपणी मला वाटायचं झेंडा मरियेसाठीच चढवतात. ती वर गेली म्हणून तोही वर जातो. शाळेत मी तसं लिहिलंही होतं आणि गुरुजी वर्गभर हसले होते. तर, १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप पायस बारावे यांनी मरियेचं आत्म्यासह आणि शरीरासह स्वर्गउन्नयन हा श्रद्धेचा सिद्धान्त म्हणून जाहीर केला. त्या घोषणेतले शब्द फार जपून वापरलेले आहेत. पृथ्वीवरचा जीवनक्रम पूर्ण झाल्यावर तिला नेलं, असं त्यात आहे. ती मेली की नाही, यावर मौन. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी याच सणाला तिची निद्रा म्हणतात. त्यांच्या परंपरेत ती मरते, प्रेषित तिला पुरतात, संत थॉमसला भारतातून पोचायला उशीर होतो, त्याच्यासाठी कबर पुन्हा उघडतात तर आत कुणी नाही. (आपल्याकडून निघालेल्या माणसाला उशीर होणार, हे तेव्हापासूनचं दिसतंय.) पुढे १९९७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका बुधवारच्या प्रवचनात सांगितलं की पुत्र जर मेला, तर आई मेली नाही असं म्हणणं अवघड आहे. प्रोटेस्टंट बहुतेक या सगळ्यात पडतच नाहीत, बायबलात नाही म्हणून. म्हणजे आपल्या घरातली सर्वांत पवित्र बाईसुद्धा मरणाच्या दाराने गेली असावी, असं खुद्द पोप म्हणतात, आणि त्यामुळे तिचा मान तसूभर कमी होत नाही.

पण पपांचा तो प्रचारक मरियेबद्दल बोलत नसणार. त्याचा सगळा डोलारा उभा असणार बायबलातल्या प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातल्या चौथ्या अध्यायावर. तिथे आहे की कर्णा वाजेल, प्रभू उतरेल आणि आपण जे जिवंत उरलेले असू ते ढगांतून वर घेतले जाऊ. बरोबर आहे, शब्दश: आहे. आता हे कुणाला लिहिलंय ते बघ. इ. स. ५० च्या सुमारास थेस्सलनीका शहरातली नवी, लहानशी मंडळी. प्रभू लवकर येणार म्हणून वाट बघत बसलेली. आणि वाट बघता बघता त्यांच्यातली काही माणसं मेली. मागे राहिलेल्यांचा आकांत: आमची माणसं आता चुकली का? प्रभू येईल तेव्हा ती मातीत आणि आम्ही वर, असं होणार का? त्यांना पौल उत्तर देतोय. म्हणतो, तसं नाही. जे गेलेत ते आधी उठतील. मग आपण, त्यांच्याबरोबर. आणि शेवटी सांगतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा.

बाय, हे पपांना कुणी दाखवलंय का? त्या ओळींत मामींचा नंबर पहिला आहे. पपांचा त्यांच्यानंतर. ज्या वचनाच्या जोरावर ते कबरीवर जायचे थांबले, ते वचन कबरीपाशी रडणाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे.

आणखी एक. ढगांत प्रभूला 'सामोरे जाण्यासाठी' असं तिथे आहे. मूळ ग्रीक शब्द राजा किंवा मोठा पाहुणा येताना लोक वेशीबाहेर जाऊन त्याला गावात घेऊन येत, त्याचा आहे. येशूच्या दहा कुमारींच्या दाखल्यात नवरदेव येतोय, त्याला सामोरे या, अशी हाक पडते, तिथेही तोच. आपल्याकडे नवरदेवाला गावच्या सीमेवर जाऊन ओवाळून आणतात, सीमान्तपूजन म्हणतात हिंदू शेजारी. वऱ्हाडाला सामोरं गेलेला माणूस तिथूनच परगावी निघून जात नाही, वरात घेऊन घरी येतो. पुष्कळ अभ्यासक पौलाचं वाक्य असंच वाचतात. मलाही तेच पटतं.

मग विश्वासणाऱ्यांना आधी गुपचूप उचलून नेणार, बाकीच्यांना संकटात टाकून, हे आलं कुठून? हे फार जुनं नाही. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाने ही मांडणी पसरवली, आणि १९०९ मध्ये निघालेल्या स्कोफिल्डच्या टिपांच्या बायबलमुळे ती अमेरिकेत घराघरांत गेली. आता मोबाईलमुळे वेंगुर्ल्यापर्यंत. आपल्या चर्चची शिकवण ती नाही. आपण शेवटच्या दिवशी प्रभू येणार असं म्हणतो, आणि त्याआधी मंडळीला मोठ्या परीक्षेतून जावं लागेल असंही म्हणतो.

तारखा देणारेही बरेच झाले. विल्यम मिलरच्या शिकवणीवरून अमेरिकेत हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत बसले. काहींनी त्या वर्षीचे बटाटे शेतातून काढलेही नाहीत. २३ तारीख उजाडलीच. हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या म्हाताऱ्याने २१ मे २०११ सांगितली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने आपण तारीख सांगून पाप केलं असं कबूल केलं. २०१३ च्या डिसेंबरात तो घरात पडण्याचं निमित्त होऊन ९२ व्या वर्षी वारला. येशूने स्वतः सांगितलंय की तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कुणालाच ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. आता पपा म्हणतील आमचा प्रचारक तारीख देत नाही. पण कौलं न परतणं म्हणजे तारीख देणंच की. सात जूनच्या आतली.

थेस्सलनीकातही असंच झालं होतं, बरं का. प्रभू येणार म्हणून काही जण कामधंदा सोडून बसले आणि दुसऱ्यांच्या घरी जेवू लागले. पौलाने दुसऱ्या पत्रात खडसावलं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. हे मात्र पपांना ऐकवू नकोस. ७१ व्या वर्षी, बायको गेल्यावर, माणसाने होडी काढली नाही म्हणून त्याला आळशी म्हणायचं नसतं.

सदेह जाणं आपल्या मराठी माणसाला तसं नवलाचं नाही. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज होते, तुकोबा विमानात बसून सदेह वैकुंठाला गेले म्हणतात. सगळे चित्रकार विमान रंगवतात. माझं लक्ष मात्र जिजाईकडे जातं. ती तेव्हा गरोदर होती. नारायण नंतर जन्मला आणि त्यानेच पुढे १६८५ मध्ये पालखी सुरू केली. ती खाली उभी, पोटात पोर, घरात दाणे किती उरलेत ते तिला एकटीलाच ठाऊक. तुझं पत्र वाचताना मला तीच दिसली. येशू वर गेला तेव्हाही शिष्य मान वर करून उभेच होते, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतले दोघे येऊन म्हणाले, गालीलकरांनो, आकाशाकडे काय बघत उभे राहिलात? तेही आधी खाली शहरातच परतले.

आता मी जे वाचलं तुझ्या पत्रात, ते सांगते. चुकलं तर चुकलं.

तू लिहिलंस, मामी २२ दिवस मशिनवर आणि पपा बाहेरच्या बाकड्यावर. आणि लगेच पुढचं वाक्य, तेव्हापासून मोबाईल. तू स्वतःच दोन्ही एका ओळीत लिहिलंस. जन्मभर समुद्रावर गेलेल्या माणसाला मरणाची अशी भीती नसते, बाय. वादळात सापडलेल्या किती होड्या पपांनी बघितल्या असतील. पण नळ्या, पडद्याआड बायको, कागदावर सही करा म्हणणारं कुणीतरी, आणि आपल्याला आत जायची परवानगी नाही, हे त्यांनी पूर्वी कधी बघितलं नव्हतं. 'मी मरूचंय नाय' म्हणतात त्याचा अर्थ मला वाटतो, 'मी तसा मरूचंय नाय.' एलीयाच्या रथात बाकडं नाही, सलाईन नाही, बिल नाही. म्हणून तो रथ त्यांना हवासा वाटतो.

हे खरं असेल तर त्यांच्याशी स्वर्गावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही. मामींबद्दल बोल. त्या २२ दिवसांबद्दल त्यांना कुणी कधी विचारलंय का? नवऱ्याला बोटीवरून फोनवर विचारू दे, मुलाने विचारलेलं वेगळं. "पपा, तुम्हाला तसं झालं तर काय करायचं? मशिनवर ठेवायचं की घरी आणायचं?" हा प्रश्न विचारायला धजत नाही कुणी, आणि म्हातारी माणसं तर अनेकदा याच प्रश्नाची वाट बघत असतात. त्यांचं उत्तर आलं तर ते कागदावर उतरवता येतं. असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिलीय आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केलीय: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. आपल्या चर्चलाही, मरण दारात आलेलं असताना, नुसतं लांबवणारे अवजड उपचार नाकारणं पाप वाटत नाही. फादरना विचारून घे.

फादरना बोलावच. मात्र त्या प्रचारकाविरुद्ध बोलायला नको, मामींच्या नावाने घरी प्रार्थनेला बोलाव. शेजारचे चार जण, रोजरी, चहा. पपा आतल्या खोलीत बसून राहिले तर राहू देत, आवाज आत जातोच. झोप उडालीय, जेवण तुटलंय, दिवस दिवस बोलत नाहीत, असं काही असेल तर मात्र ते नुसतं धर्माचं नाही, डॉक्टरांच्या कानावर घाल. १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा फोन आहे, तिथे तू स्वतःसाठीही बोलू शकतेस. तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल एक ओळ नाही, ते मी बघितलंय. मोबाईल काढून घेऊ नकोस. पैसे जातात का तेवढं बघ.

कागदाचं. तू बहुतेक मृत्युपत्र म्हणतेस, म्हणून ते चिडत असतील. जो मरणारच नाही त्याच्यापुढे मृत्युपत्र ठेवल्यावर दुसरं काय होणार? इच्छापत्र म्हण. मराठीत दोन्ही शब्द आहेत आणि वस्तू तीच. आणि एलीयाला पुन्हा कामाला लाव. मरण मागून झाल्यावर, भाकरी खाऊन तो होरेब डोंगराला पोचतो, तेव्हा देव त्याला सांगतो की तुझ्या जागी अलीशाला नेम. पुढे रथ यायच्या दिवशी अलीशा त्याच्याकडे दुप्पट वाटा मागतो. दुप्पट वाटा म्हणजे त्यांच्या रिवाजात थोरल्या मुलाचा वारसाहक्क. अंगरखा खाली पडतो तो अलीशा उचलतो. म्हणजे न मरता गेलेल्या माणसानेसुद्धा वारसाचं काम उरकून ठेवलं होतं. येशूनेही क्रुसावरून आईला योहानाच्या हवाली केलं.

व्यवहार असा की आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी इच्छापत्र होतं, नोंदणीची सक्ती नाही, केलेली बरी. तू किंवा तुझा नवरा साक्षीदार राहू नका, ज्याला मिळायचं त्याने किंवा त्याच्या जोडीदाराने साक्ष केली तर त्याचा वाटा बाद होतो. इच्छापत्र नसेल, तर मामी नसल्यामुळे पपांच्या मागे सगळ्या मुलामुलींना सारखा हिस्सा, नणंदा असतील तर त्यांनाही. म्हणजे कागद झाला नाही म्हणून आभाळ कोसळत नाही. ऑक्टोबरात नवरा येईल तेव्हा तोच बोलेल. हे तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस, सुनेने कागद काढला की त्याला वेगळाच वास येतो.

राहिली कौलं. त्याला परवानगी लागत नाही, पावसाला लागते का? या आठवड्यातच माणसं सांगून ठेव, मे अखेरीला कुणी मिळत नाही. फुटकी किती आहेत ते आधी मोजून दहा-वीस जास्तीची आणून ठेव. वासे-रिपा बघायला सांग, वाळवी असेल तर आत्ताच कळेल. पपांना सांगायचं नाही, विचारायचंही नाही. माणसं शिडी लावतील तेव्हा ते आपोआप अंगणात येतील, आणि कुठलं कौल वाकडं बसतंय ते खाली उभे राहून ओरडून सांगतील. सांगू देत. मुलीला त्यांच्या हाताशी दे, आणि दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्रच वाढ.